भात, गूळ आणि जांभा: मिसळलेलं वेगळं करताना

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर बांबवडे मागे पडलं की शाहूवाडी तालुक्याचा डोंगराळ भाग सुरू होतो. शाळी नदीकाठचं मलकापूर हे या भागाचं बाजाराचं गाव. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि गडावरच्या जहागीरदार प्रतिनिधींचं ठाणं खाली मलकापुरात आलं. गावाभोवती सखल जमिनीत भात, पाण्याच्या सोयीच्या पट्ट्यात ऊस आणि पश्चिमेला आंबा घाटाकडे चढत जाणाऱ्या डोंगरांवर जांभ्याची उघडी पठारं. भात, ऊस आणि जांभा या तीन गोष्टी समोर ठेवल्या, तर मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याच्या बहुतेक सगळ्या पद्धती आपल्याला पुस्तक न उघडता शिकता येतात.

शाळेच्या पुस्तकात या पद्धतींची नावं ओळीनं येतात: निवडणे, पाखडणे, चाळणे, निवळणे, गाळणे, बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेत 'मीठ आणि वाळू कशी वेगळी कराल?' या प्रश्नाला बरोबर उत्तर देतात. पण नावांच्या या यादीआधी एक प्रश्न यायला हवा आणि तो क्वचितच विचारला जातो. हे दोन पदार्थ एकमेकांपासून कोणत्या बाबतीत वेगळे आहेत? आकारात, वजनात, घनतेत, रंगात, विरघळण्यात, उकळण्यात, की लोहचुंबकाला चिकटण्यात? जो फरक सापडेल तो पकडूनच पुढचं सगळं काम होतं. फरक मोठा असेल तर सूपसुद्धा पुरतं. फरक बारीक असेल तर कारखाना उभारावा लागतो.

भातापासून सुरुवात करू. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, पेंढ्या झोडपल्या जातात आणि खळ्यावर जो ढीग पडतो त्यात भाताचे दाणे असतात, पिंजराचे तुकडे असतात, पोचट दाणे असतात, शिवाय माती, खडे आणि तणाचं बी. मळणीयंत्रं गावोगाव पोचली असली तरी तत्त्व तेच राहिलं आहे. पूर्वी तिवईवर उभं राहून सुपातून वाऱ्यात धार सोडत, आता त्या जागी पंखा फिरतो.

उफणताना नेमकं काय घडतं? जड वस्तू आणि हलकी वस्तू एकाच वेगानं खाली पडतात, असं आपण गॅलिलिओच्या नावानं शिकलेलो असतो. ते खरं आहे, पण हवा नसेल तिथं. हवेत पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला हवा अडवते. हा अडथळा वस्तूच्या आडव्या पसाऱ्यावर आणि वेगावर अवलंबून असतो. भरलेल्या दाण्याचं वजन त्याच्या पसाऱ्याच्या मानानं जास्त, त्यामुळे तो फारसा न अडता खाली येतो. पोचट दाण्याचा पसारा तेवढाच, पण आत तांदूळ नाही. तो सावकाश पडतो, आणि जितका वेळ तो हवेत राहतो तितका वारा त्याला लांब नेतो. म्हणून भरलेलं भात ढिगाच्या पायथ्याशी, अर्धवट भरलेलं थोडं पुढे आणि भुसकट सगळ्यात लांब, अशी उतरंड आपोआप लागते. चंद्रावर भात पिकवलं तरी ते उफणता येणार नाही, कारण तिथं फरक दाखवायला हवाच नाही. शेतकऱ्याला हे गणित मांडावं लागत नाही, पण वारा पडला की थांबायचं, जोराचा सुटला की धार बारीक करायची आणि कडेचं भात पुन्हा एकदा वाऱ्याला द्यायचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

वाऱ्याला एक गोष्ट मात्र जमत नाही. दाण्याएवढ्याच वजनाचा खडा तो वेगळा करू शकत नाही. तिथं दुसरा फरक शोधावा लागतो. खडा आणि तांदूळ यांची घनता वेगळी असते, म्हणून घरी तांदूळ रोळतात. पाण्यात गोल फिरवत भांडं हळूहळू कलतं केलं की तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि खडे, वाळू तळाशी मागे राहतात. नदीच्या रेतीतून सोन्याचे कण काढणारे लोक जगभर हीच क्रिया करत आले आहेत. तणाच्या बियांचा आकार वेगळा, तिथं चाळण. आणि आकार, वजन, घनता सगळं सारखं पण रंग वेगळा असा डागी दाणा असेल, तर उरतात डोळे आणि बोटं. निवडणं ही सगळ्यात प्राथमिक पद्धत म्हणून पुस्तकात पहिली येते, पण खरं तर ती शेवटचा आधार आहे. बाकी सगळे फरक संपले की माणूस निवडायला बसतो. आता भातगिरण्यांत रंग ओळखणारी यंत्रं आली आहेत. घरंगळणाऱ्या दाण्यांवर कॅमेरा रोखलेला असतो आणि काळा दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला उडवून लावतो. म्हणजे निवडण्याचं काम डोळ्यांकडून कॅमेऱ्याकडे आणि बोटांकडून हवेकडे गेलं.

भाताच्या बाबतीत एक पद्धत मला फार आवडते, कारण ती एका मूठभर मिठावर चालते. पेरणीआधी बियाण्यातले किडके, रोगट, अर्धवट भरलेले दाणे काढायचे असतात. उफणणीतून सुटलेले हे दाणे दिसायला चांगल्यासारखेच असतात. साध्या पाण्यात टाकले तर अगदी पोकळ तेवढे तरंगतात आणि अर्धवट भरलेले बुडतात. म्हणून कृषी खात्याची शिफारस आहे ती ३ टक्के मिठाच्या द्रावणाची: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. मिठानं पाण्याची घनता थोडीशी वाढते, जेमतेम दोन टक्क्यांनी. पण तेवढ्यानं सीमारेषा सरकते. काल बुडणारा अर्धपोटी दाणा आज वर येतो. वर आलेले काढून टाकायचे, तळाचे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवायचे आणि सावलीत सुकवायचे. इथं फरक दाण्यांत आधीपासून होताच. आपण फक्त पाणी असं बदललं की तो फरक उघडा पडावा. रसायनशास्त्रातल्या अनेक अवघड पद्धतींचं मूळ याच युक्तीत आहे. पदार्थ बदलता येत नसेल तर तो ज्यात ठेवला आहे ते बदलायचं.

जून-जुलैत या भागात नद्या लाल होऊन वाहतात. कडवी-शाळीचं पाणी पुढे वारणेला मिळतं तेव्हा ते डोंगरांची माती घेऊन आलेलं असतं. हे पाणी भांड्यात ठेवलं तर वाळू अर्ध्या-पाऊण मिनिटात तळाला जाते. पण पाणी लालच राहतं. रात्रभर ठेवलं तरी गढूळपणा पुरता जात नाही. याचं कारण कणांच्या आकारात आहे. पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दसपट लहान झाला की त्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक फूट खाली यायला अर्धं मिनिट घेत असेल, तर एक सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तेवढंच अंतर कापायला चार दिवस लागतात. त्याहूनही बारीक कण तर कधीच बसत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत राहतात.

गाळायला जावं तर कापडाची भोकं या कणांपुढे खूपच मोठी. मग उपाय काय? कण मोठे करायचे. मातीच्या या कणांवर ऋण विद्युतभार असतो, सगळ्यांवर एकाच जातीचा. त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटी फिरवली की पाण्यात अॅल्युमिनियमचे धन भार असलेले आयन सुटतात आणि हा ऋणभार मारला जातो. शिवाय अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट, कापसासारखा साका तयार होतो, तो वाटेतले कण गोळा करत तळाला बसतो. त्यावरचं पाणी ओतून घेता येतं. तुरटीच्या आधीपासून आपल्याकडे निवळीच्या बिया वापरात होत्या. बी भांड्याच्या आतल्या बाजूला घासायचं आणि त्यात पाणी भरून ठेवायचं. सुश्रुतसंहितेत कतक या नावानं तिचा उल्लेख येतो. बियांतली प्रथिनं आणि चिकट पदार्थ तुरटीसारखंच काम करतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत वापरली जाणारी तुरटी बॉक्साइट या दगडावर गंधकाम्लाची क्रिया करून मोठ्या प्रमाणावर बनवतात. म्हणजे डोंगरावरून लाल होऊन आलेलं पाणी स्वच्छ करणारा धातू अशाच डोंगरांच्या दगडातून येतो. या दगडाकडे आपण शेवटी येऊ.

चिकट पदार्थानं मळ गोळा करण्याची हीच युक्ती गुऱ्हाळात दिसते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळ म्हटलं की थोडं थांबावंच लागतं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

चरकातून निघालेला रस म्हणजे साधारण ८० टक्के पाणी. उरलेल्यात मुख्यतः सुक्रोज ही साखर, थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, खनिजं, प्रथिनं, मेण, रंगद्रव्यं, उसाचे बारीक तंतू आणि शेतातून आलेली माती. चिपाडाचे मोठे तुकडे जाळीत अडकतात, माती हौदात थोडी खाली बसते. मग रस काहिलीत येतो आणि चुलवाणाला जाळ लागतो. तापू लागल्यावर प्रथिनं आपसूक साकळतात आणि पहिली मळी वर येते. याच वेळी रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचं बुळबुळीत पाणी रसात सोडतात. तो बुळबुळीत पदार्थ रसभर पसरतो, बारीक कण त्याला चिकटतात आणि उकळीबरोबर सगळं वर येतं. चुन्याची निवळी घालून रसाची आंबटाई कमी करतात, त्यामुळे साका आणखी बसतो आणि सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होण्याचं प्रमाण कमी राहतं. गुळव्या झाऱ्यानं मळी काढत राहतो. पाण्यात तुरटीचा साका खाली बसला होता, काहिलीत भेंडीचा साका वर येतो, कारण इथं वाफेचे बुडबुडे त्याला उचलतात. काम एकच.

मळी निघाली की उरतं ते पाणी घालवायचं काम, आणि सगळं इंधन तिथं जातं. १ किलो पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६०. साडेसातपट. १०० किलो उसातून ६० ते ६५ किलो रस आणि त्यातून १० ते १२ किलो गूळ धरला, तर प्रत्येक १०० किलो उसामागे ५० किलोंच्या आसपास पाणी वाफ करून उडवायचं असतं. हे इंधन ऊसच पुरवतो. वाळलेलं चिपाड चुलवाणात जातं. ही व्यवस्था मला गुऱ्हाळातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. एका पद्धतीनं वेगळं केलेलं टाकाऊ पुढच्या पद्धतीचं इंधन होतं.

पाणी कमी होत जातं तसा उत्कलनबिंदू चढतो. १०५-१०६ अंशांना काकवी होते. आणखी आटवून ११६-११८ अंशांपर्यंत नेलं की गुळाचा पाक होतो. गुळव्या तापमापी वापरत नाही, तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी करून पाहतो. गोळी कितपत घट्ट होते यावरून आत किती पाणी राहिलं ते त्याला कळतं, आणि दोन-तीन अंशांचा फरक तो चुकवत नाही. मग पाक वाफ्यात ओतायचा, हलवायचा आणि साच्यात भरायचा. कोल्हापूरच्या बाजारात ३० किलोंच्या आसपासचे रवे याच मार्गानं येतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गूळ हे अर्धवट सोडलेलं विलगीकरण आहे, आणि ते जाणूनबुजून अर्धवट सोडलेलं आहे. मळी काढली, पाणी काढलं, पण साखरेबरोबर रसात विरघळलेलं बाकीचं बरंच काही तसंच राहू दिलं. म्हणून गुळात सुक्रोज ६५ ते ८५ टक्के, त्याशिवाय ग्लुकोज, फ्रुक्टोज, खनिजं आणि रंग. गुळाची चव या 'उरलेल्यात' आहे. त्याच रसातून साखर करायची तर हे सगळं काढून टाकावं लागतं आणि हाती लागते ९९ टक्क्यांच्या वरची शुद्ध साखर, जिला गोडीशिवाय दुसरी चव नाही. किती वेगळं करायचं आणि कुठं थांबायचं, हा निर्णय माणसाचा असतो, पदार्थाचा नसतो. रसायनाच्या पुस्तकात शुद्धतेला नेहमी वरची जागा मिळते, पण गुळव्याला विचारलं तर तो दुसरी बाजू सांगेल.

आता साखरेची बाजू. याच तालुक्यात सोनवडे-बांबवडे इथं उदयसिंगराव गायकवाड साखर कारखाना आहे आणि खाली वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणा कारखाना. कारखान्यात ऊस आत येतानाच त्याला एक चुंबक भेटतो. गाडीतून किंवा शेतातून आलेला लोखंडी तुकडा गव्हाणीतून आत गेला तर रोलर मोडेल, म्हणून उसाच्या पट्ट्यावर मोठा विद्युतचुंबक बसवलेला असतो. पुस्तकात लोहकीस आणि गंधकाच्या प्रयोगात भेटलेली पद्धत इथं लाखो रुपयांची यंत्रं वाचवते.

रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन साका बसवतात. मग पाणी घालवायचं. पण कारखाना ते काहिलीसारखं घालवत नाही, कारण इंधन परवडणार नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नॉर्बर्ट रिलियू नावाचा अभियंता होता. त्याची आई मुक्त कृष्णवर्णीय स्त्री होती. त्यानं १८४३ आणि १८४६ मध्ये एका उपकरणाचे एकस्व हक्क घेतले, आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक साखर कारखाना त्याच कल्पनेवर चालतो. पहिल्या भांड्यातल्या रसाला बाहेरची वाफ द्यायची. त्या रसातून जी वाफ निघेल ती हवेत न सोडता दुसऱ्या भांड्याला द्यायची. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो आणि मागच्या भांड्यातली काहीशी थंड झालेली वाफही त्याला पुरते. चार भांडी जोडली तर १ किलो वाफेत सुमारे ४ किलो पाणी उडतं. रिलियूच्या आधी लुइझियानात उघड्या कढयांच्या रांगा होत्या आणि गुलाम उकळता रस एका कढईतून दुसरीत पळीनं ओतत असत. भाजण्याचे अपघात रोजचे होते. त्या माणसानं उष्णता वाचवली आणि लोकांच्या कातड्याही वाचवल्या.

घट्ट झालेल्या पाकातून साखर काढायची ती स्फटिकीकरणानं. हवेचा दाब कमी केलेल्या बंद भांड्यात पाक ६०-७० अंशांनाच उकळतो, म्हणून साखर करपत नाही. पाणी कमी होत गेलं की एक क्षण असा येतो की द्रावणात मावेल त्यापेक्षा जास्त साखर असते, पण स्फटिक सुरू व्हायला आधार नसतो. त्या वेळी बारीक साखरेचं बी सोडतात. प्रत्येक कणावर सुक्रोजचे रेणू ठरलेल्या रचनेत बसत जातात. या रचनेत ग्लुकोजला जागा नाही, खनिजांना नाही, रंगद्रव्यांना जवळजवळ नाही. ते सगळे बाहेर राहतात. गाळणीनं जे साधणार नाही ते स्फटिक साधतो, कारण तो रेणूचा आकार ओळखतो.

आता दाणे आणि त्यांच्याभोवतीचा काळा चिकट पाक एकत्र आहेत. तो निथळायला ठेवला तर आठवडे जातील. म्हणून जाळीच्या भिंतींची टोपली मिनिटाला हजाराहून जास्त वेळा फिरवतात. पाक जाळीतून बाहेर फेकला जातो, दाणे आत राहतात. याच तत्त्वावर स्वीडनच्या गुस्ताव द लाव्हालनं १८७८ मध्ये दुधातून मलई वेगळी करणारं यंत्र बनवलं. दुधातल्या स्निग्धाचे थेंब मातीच्या कणांइतकेच बारीक, दुधापेक्षा किंचित हलके, म्हणून साय यायला वेळ लागतो. वेगानं फिरवलं की गुरुत्वाकर्षण हजारो पटींनी वाढल्यासारखं होतं आणि हा वेळ सेकंदांवर येतो. गोकुळ आणि वारणेच्या दूधसंघांचं रोजचं काम या यंत्राशिवाय होणारच नाही.

साखर कारखान्यात हे उकळणं आणि फिरवणं तीनदा होतं, आणि तरी शेवटी उरणाऱ्या काळ्या पाकात, म्हणजे कारखान्याच्या भाषेतल्या मळीत, साखर उरतेच. तिथली ग्लुकोज, खनिजं आणि चिकटपणा साखरेला स्फटिक होऊ देत नाहीत. ती काढण्याचा खर्च साखरेच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून तिथं थांबतात आणि मळी यीस्टला देतात. यीस्ट उरलेल्या साखरेचं अल्कोहोल (इथेनॉल) करतं. मिळालेल्या आंबवणात अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, बाकी पाणी. अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. उंच मनोऱ्यात वाफ पुन्हा पुन्हा थिजवून आणि उकळून वर वर नेली की वरच्या टोकाला जवळजवळ शुद्ध अल्कोहोल मिळतं. जवळजवळ, कारण ९५.६ टक्क्यांना गाडी अडते. त्या प्रमाणातलं मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्याही आधी उकळतं, आणि त्याच्या वाफेत पाणी आणि अल्कोहोलचं प्रमाण द्रवातल्याइतकंच असतं. उकळण्यातला फरकच नाहीसा झाला. मनोरा कितीही उंच केला तरी साध्या ऊर्ध्वपातनानं यापुढे जाता येत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला मात्र हे पाणी चालत नाही. तेव्हा पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारायचा: दोघांत आता कोणता फरक उरला? आकाराचा. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉम, इथेनॉलचा सुमारे ४.४. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. झिओलाइट नावाच्या, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडांच्या सच्छिद्र खड्यांत ३ अँगस्ट्रॉमची भोकं ठेवता येतात. वाफ त्यांच्यावरून नेली की पाणी भोकांत शिरून अडकतं आणि इथेनॉल बाहेरून निघून जातं. तणाचं बी काढणारी चाळण इथं रेणूंच्या मापाची झाली.

आता आंब्याच्या बाजूची जांभ्याची पठारं. ही पठारंही विलगीकरणातूनच तयार झाली आहेत, आणि ते काम पावसानं केलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला आणि त्याचा काळा पाषाण झाला. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास, अॅल्युमिनियमचं ऑक्साइड १४ टक्क्यांच्या जवळ, लोहाची ऑक्साइडं जवळजवळ तेवढीच. नंतरच्या कोट्यवधी वर्षांत पाऊस आणि ऊब यांनी या दगडाला झिजवलं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम लवकर विरघळले, सिलिका सावकाश विरघळली आणि सगळं नद्यांतून समुद्रात गेलं. अॅल्युमिनियम आणि लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ते जागेवर राहिले. लोहाचा भाग जास्त तिथं लाल जांभा, अॅल्युमिनियमचा भाग जास्त तिथं बॉक्साइट. चांगल्या बॉक्साइटात अॅल्युमिनियमचं ऑक्साइड ४५-५० टक्क्यांपर्यंत असतं. ज्या पठारावर आपण पावसाळ्यात रानफुलं पाहायला जातो, ते विरघळण्यातल्या फरकाचं उरलेलं आहे, आणि ही क्रिया कोणत्याही कारखान्यात पुन्हा करता येणार नाही. पठार खणून नेताना याचाही हिशेब व्हावा असं मला मनापासून वाटतं.

बॉक्साइटातल्या लोहापासून अॅल्युमिनियम वेगळं करणं पावसाला जमलं नाही, कारण पाण्यापुढे दोघेही सारखेच हट्टी. कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ च्या सुमारास पाणीच बदललं. मीठ घालून भाताचं बी निवडण्यातली युक्ती इथं फार मोठ्या प्रमाणावर आली. दाबाखाली गरम केलेल्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात अॅल्युमिनियमचं संयुग विरघळतं, लोहाचं विरघळत नाही. गाळलं की लोह लाल चिखल होऊन मागे राहतं. स्वच्छ द्रावण थंड करून त्यात आधीच्या स्फटिकांचं बी सोडतात, अगदी साखरेच्या पाकात सोडतात तसंच, आणि पांढरं अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड खाली येतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातं तेव्हा त्याचं असंच होतं. एक टन अॅल्युमिनामागे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमागे, एक ते दीड टन लाल चिखल उरतो. तो क्षारीय असतो आणि त्याचं करायचं काय, हा प्रश्न जगभर अजून पुरता सुटलेला नाही.

पण बायरच्या द्रावणात आणखी एक पाहुणा असतो. दिमित्री मेंडेलेयेव्हनं १८७१ मध्ये आपल्या आवर्तसारणीत अॅल्युमिनियमच्या खाली एक जागा रिकामी ठेवली आणि तिथला धातू अॅल्युमिनियमसारखाच वागेल असं सांगितलं. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, लकॉक द ब्वाबोद्रां या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो सापडला. त्याचं नाव गॅलियम. सारखाच वागतो म्हणून तो बॉक्साइटात अॅल्युमिनियमच्या जागी जाऊन बसतो, एका टनात सरासरी ५० ग्रॅम, आणि सारखाच वागतो म्हणून कॉस्टिक सोड्यात त्याच्याबरोबर विरघळतो. स्फटिक होताना मात्र तो बराचसा मागे राहतो. कारखान्यात तोच सोडा पुन्हा पुन्हा फिरवला जात असल्यानं दर फेरीत द्रावणातलं गॅलियम थोडं थोडं वाढत जातं, आणि पुरेसं साठलं की खास रेझिननं किंवा वीज वापरून ते काढून घेतात. जगातलं बहुतेक गॅलियम असंच, अॅल्युमिनियमच्या कारखान्यांच्या फिरत्या द्रावणातून येतं, आणि तिथून एलईडी दिव्यांत आणि मोबाइलच्या चिपांत जातं.